तिच्या जागी सुपारी

आमच्याकडे एसटीला तोटा असेल, उन्हाळ्यात पाण्याला तोटा असेल, पण अध्यक्षांना कधी तोटा पडला नाही. डिंगोऱ्याच्या पुढे ओढा ओलांडला की जी वाडी लागते, तिथे उंबरे असतील दोनशे आणि अध्यक्ष सतरा. दूध संस्थेचा एक, पाणी वापर संस्थेचा एक, भैरवनाथाच्या यात्रा कमिटीचा एक. तंटामुक्तीचा एक, ज्याचे स्वतःचे दोन तंटे जुन्नरच्या कोर्टात चालू आहेत. गणपतीची मंडळं तीन, म्हणून तिथले अध्यक्षही तीन. आणि या सगळ्यांच्या वर दादाभाऊ. हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचे ते एकोणीस वर्षांपासूनचे अध्यक्ष. वाडीत नुसतं ‘अध्यक्ष’ म्हटलं की दादाभाऊच समजायचे, बाकीच्या सोळांना पुढे नाव लावावं लागतं.

हे सतरा मोजले आठवीच्या मुलांनी, आणि मोजायला लावलं त्यांच्या नंदाबाईंनी. या मोजणीपायी नंदाबाईंची मुख्याध्यापकाची खुर्ची हातची जायची वेळ आली. त्यांनी एक कागदाची पट्टी डकवली असती तर काम भागत होतं. नाही डकवली. का नाही, ते समजायचं तर बाई आधी कळायला हव्यात.

नंदाबाई या शाळेत सव्वीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतात. माहेर पारगावकडचं, धनगराचं घर. बाप सोमाजी मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून खाली कोकणात उतरायचा, तो पावसाच्या तोंडावर परत. आई सरुबाईने मात्र हट्टाने पोरीला चुलत्याच्या घरी ठेवलं आणि शाळा मोडू दिली नाही. सुट्टीत नंदा मेंढरांमागे हिंडायची. ओढ्याच्या पलीकडच्या मेंढराला अलीकडून हाक घालायचा आवाज तिने तिथे कमावला, तो आजही मागच्या बाकापर्यंत विनासायास पोचतो. शाळेत त्या शुद्ध बोलतात, पण राग आला की सोमाजीची भाषा बाहेर पडते. मुलांना हे पक्कं ठाऊक आहे. बाई ‘न्हाई’ म्हणाल्या की वर्ग सरळ बसतो.

लग्न झालं तेव्हा नंदा बी. ए. झाली होती. नवरा नोकरदार, सासर मंचरच्या बाजूचं. पोरगी बी.एड. करणार, अशी सोमाजीने बैठकीतच अट घातली आणि सासऱ्यांनी मान डोलावली. मान डोलवायला काही खर्च येत नाही. पुढच्या वर्षी सासरच्यांनी नवं घर बांधलं, वास्तुशांत निघाली आणि मुहूर्त आला नेमका नंदाच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी. तिने सांगून पाहिलं, रडून पाहिलं. पेपर परत देता येतो, मुहूर्त परत येतो का, असं सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी नंदाने पहाटे उठून पुरणाची डाळ शिजवून ठेवली, पूजेसाठी आणलेली पैठणी घडीसकट कॉटवर ठेवली आणि नारायणगावची जीप पकडली.

संध्याकाळी परत आली तोवर मांडव उतरला होता. पूजा बिनबोभाट पार पडली होती. आमच्याकडे अशा पूजेला जोडपं बसतं. नवरा पळीने पाणी सोडतो, अक्षता वाहतो, आणि बायको त्याच्या हाताला हात लावून बसते. तेवढ्याने दोघांनी पूजा केली असं होतं. बायको हजर नसेल तर भटजींकडे त्याचीही तोड असते. नवऱ्याच्या कमरेला एक सुपारी खोचतात. सुपारी म्हणजे बायको. पुढे कुणाचंच काही अडत नाही.

सासूबाईंनी ती सुपारी देवापुढच्या ताटलीत जपून ठेवली होती. ती दाखवून म्हणाल्या, “सुपारीनं भागलं बघ. तुझ्यावाचून कायबी आडलं न्हाई.”

नंदा पहिल्या वर्गात पास झाली आणि सासर सुटलं. सुपारी उलट उत्तर देत नाही, पेपरला जात नाही, पगार स्वतःच्या नावावर ठेवीन म्हणत नाही. घरच्यांना ती जास्त पसंत पडली असावी. वर्षभराने फारकत झाली, पोटी मूल नव्हतं, आणि नंदा ट्रंक घेऊन या शाळेत रुजू झाली. सुपारीची गोष्ट तिने परवापरवापर्यंत इथे कुणालाही सांगितली नाही. काही अपमान असे असतात की ते सांगताना पुन्हा एकदा होतात.

आता गेल्या जानेवारीची हकिकत.

आठवीला राष्ट्रपतींचा धडा आहे. निवड कशी, मुदत किती, अधिकार कोणते. बाईंनी तो शिकवून संपवला आणि कुणाला काही शंका आहे का म्हणून विचारलं. हे विचारायचं असतं म्हणून विचारतात, शंका कुणाला नसते. त्या दिवशी राजनंदिनी उभी राहिली. ही दादाभाऊंची नात, दोन वेण्या आणि अखंड बडबड.

“बाई, राष्ट्रपतीची बायको काय काम करते?”

“सयपाक!” मागून कुणीतरी बोललं आणि सगळा वर्ग खिदळला. मुलीही खिदळल्या.

‘ते पुस्तकात नाही’ हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण तो हशा त्यांना झोंबला. विशेषतः मुलींचा. “उद्या सांगते,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या टिपणं घेऊन आल्या. मुलांनी आधी नेहमीचा प्रश्न विचारला, “बाई, परीक्षेला आहे का?” बाई म्हणाल्या, “नाही.” चाळीस वह्या एकदम मिटल्या. “मिटू द्या,” बाई म्हणाल्या, “कान उघडे ठेवा म्हणजे झालं.”

मग त्यांनी थेट अमेरिकेलाच हात घातला. तिथल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाची बायको. पाहुण्यांचं स्वागत करायचं, मोजकं हसायचं, कुठे जायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं. तिने एका पत्रात लिहून ठेवलंय की मी राज्याच्या कैद्यासारखी आहे. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी एका राष्ट्राध्यक्षाला लकवा मारला. त्याची बायको दारात उभी राहिली. कुठला कागद आत जायचा आणि कुठला नाही, हे कित्येक महिने तिने ठरवलं, आणि बाहेर कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतरची एक तर भलतीच खमकी. ती पत्रकारांना बोलवायची, पण फक्त बायकांना. मग काय करतील वर्तमानपत्रवाले? बातमी पाहिजे तर बाई नोकरीला ठेवा! आणि अलीकडे एक होती, ती नवरा राष्ट्राध्यक्ष असताना कॉलेजात शिकवायला जायची. विमानात बसूनही पोरांचे पेपर तपासायची.

“विमानात?” मुलांचे डोळे मोठे झाले.

“विमानात. मी जीपमध्ये तपासते, ती विमानात तपासायची. लाल पेन तेच.” हे सांगताना बाईंचा चेहरा असा काही फुलला होता की ती बाई जणू यांच्या बी.एड.च्या बॅचची. “आणि आपल्या देशात तर राष्ट्रपती बाईच झाल्या. तेव्हा लोकांना प्रश्न पडला, आता यांच्या नवऱ्याला काय म्हणायचं? दोनशे वर्षं बायकांनी काय म्हणवून घ्यायचं ते ठरलेलं होतं, नवऱ्याची पाळी आली तेव्हा सगळे डोकं खाजवायला लागले.”

तास संपताना त्यांनी गृहपाठ दिला. वाडीतले अध्यक्ष शोधा. प्रत्येकाच्या बायकोकडे जा आणि तीन रकाने भरून आणा. पहिला, तुमचं नाव. दुसरा, अध्यक्षांची बायको म्हणून तुम्ही कोणतं काम करता. तिसरा, अध्यक्षांच्या बायकोने काय करावं असं तुम्हाला वाटतं.

“सांगतील तेच लिहायचं,” बाईंनी बजावलं. “आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही.”

चार दिवस वाडीत नुसती धमाल उडाली. पोरं वही घेऊन दारोदार. पहिल्याच रकान्याला निम्म्या जणी अडखळल्या. कुणी म्हणाली, नाव काय करायचंय, चेअरमनची बायको लिही की. दूध संस्थेच्या चेअरमनची बायको शीला, तिने दुसऱ्या रकान्यात सांगितलं, पहाटे चेअरमन घोरत असतात, दुधाचं फॅट मशीनवर मोजायला मी लावते. गणेश मंडळाचा मोहित तेवीस वर्षांचा, त्याला बायकोच नाही. मुलं गेली त्याच्या आईकडे. ती म्हणाली, मंडळाच्या पोरांचा चहा करून माझा गॅस महिन्याआधी संपतो, लिही. तंटामुक्तीच्या अध्यक्षांच्या बायकोने उत्तर दिलं ते बाईंनाही वाचून लाज वाटली, पण तेही लिहिलं होतं. सांगतील तेच लिहायचं म्हटल्यावर मुलांनी तेच लिहिलं.

राजनंदिनीला लांब जावं लागलं नाही. तिने घरातच आजीला विचारलं. लंकाबाई म्हणजे दादाभाऊंच्या पत्नी, वय सहासष्ट, चौथीपर्यंत शाळा झालेली. कमरेला पानाची चंची आणि तोंडाला कायमचं कुलूप. एकोणीस वर्षांत शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज कसा आहे हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं.

राजनंदिनीने लिहिलं होतं:

‘नाव : लंकाबाई. काम : पूजेला आजोबांच्या हाताला हात लावते. ती नसली तर सुपारी चालते.’

तिसरा रकाना कोरा होता. आजी म्हणाली, विचार करून सांगते.

आदल्या वर्षी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीची पूजा झाली, तेव्हा लंकाबाई डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्यात होत्या. दादाभाऊंनी कमरेला सुपारी खोचून पूजा उरकली होती. सगळ्यांनी पाहिली होती आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. नंदाबाईंनाही नाही. म्हणजे त्यांनी वाटू दिलं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत त्या दोन ओळी बाईंनी दोनदा वाचल्या. आधी त्या हसल्या. मग डोळे भरून आले. आणि मग असा संताप उसळला की समोरचा ग्लास उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. सव्वीस वर्षं त्यांनी जे गिळून ठेवलं होतं, ते एका तेरा वर्षांच्या पोरीने गृहपाठाच्या वहीत बिनदिक्कत लिहून टाकलं होतं. चूक नाही, काटछाट नाही. बाईंनी खाली ‘उत्तम’ असा शेरा मारला.

सगळ्या उत्तरांचा एक मोठा तक्ता मुलांनी केला आणि सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनासाठी व्हरांड्यात लावला. वर लाल अक्षरांत मथळा : ‘अध्यक्षांच्या बायका : काल, आज आणि उद्या’.

दोन दिवसांत ती ओळ डेअरीवर पोचली. दूध घालायला आलेल्या कुणीतरी दादाभाऊंना विचारलं, “काय अध्यक्ष, घरच्या सुपारीची तब्येत कशीय?” चारचौघं हसले. दादाभाऊ वाईट माणूस नाही, हे इथे सांगायला हवं. पत्र्याच्या दोन खोल्यांची शाळा त्यांनी दगडी केली, सिमेंटसाठी स्वतः ट्रकमागे फिरले. पण एकोणीस वर्षांत त्यांना कुणी हसलं नव्हतं. हसणं अंगाला लावून घ्यायची सवयच नव्हती.

त्यांनी नंदाबाईंना ऑफिसात बोलावून घेतलं. मुख्याध्यापक महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेत पहिलं नाव नंदाबाईंचं. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचा प्रस्ताव टाइप होऊन टेबलावर पडला होता. फक्त अध्यक्षांची सही बाकी. कोपऱ्यात कुंडलिक सर बसले होते, यादीत दुसरे.

“बाई, तक्ता ऱ्हाऊ द्या,” दादाभाऊ म्हणाले. “सोळा अध्यक्षांच्या बायका ऱ्हाऊ द्या. माझी तेवढी ओळ काढा.”

“ओळ खोटी आहे का?”

“खऱ्या-खोट्याचं कोण इचारतंय? गावात त्वांड दावायची सोय न्हाई राह्यली. डेअरीवर हसत्यात लोक.”

“हसतात त्यांना बोला. पोरीने ऐकलं ते लिहिलंय.”

दादाभाऊंनी प्रस्तावावर बोट ठेवलं. “सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं का नव्या प्रयोगशाळेचं भूमिपूजन हाये. पावणं येणार. तवर ती ओळ निगाली, तर सत्तावीसला ह्यावर सही. न्हाई निगाली, तर कुंडलिक सरांनाबी शाळा चालवता येती.”

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नंदाबाईंना ती खुर्ची हवी होती. उगाच नको-नको म्हणणाऱ्यांतल्या त्या नाहीत. ऑफिसच्या दाराशेजारी मुख्याध्यापकांच्या नावांची लाकडी पाटी आहे, त्यावर पांढऱ्या रंगात पाच नावं, पाचही पुरुष. सहावं नाव आपलं असेल, हे त्या दहा वर्षांपासून मनात धरून होत्या. सोमाजी हयात असता तर त्याला आणून ती पाटी दाखवायची होती.

तरी त्या उठल्या, आणि तोंडातून बापाची भाषा निघाली. “सही तुमच्या हातात हाये दादाभाऊ, ओळ न्हाई. ती मी काढायची न्हाई.”

बाहेर आल्यावर कुंडलिक सर मागोमाग आले. “मॅडम, कशाला ताणताय? टीचभर कागद वरून डकवा. कागदाखाली ओळ आहेच की. तुमचंही राहिलं, त्यांचंही राहिलं.”

हा सल्ला कुंडलिक सरांनी कोणत्या हेतूने दिला ते त्यांनाच ठाऊक. पण सल्ला बाईंच्या डोक्यात घर करून बसला. पंचवीस तारखेला शाळा सुटल्यावर त्यांनी खरोखरच एक पांढरी पट्टी कातरली, डिंकाची बाटली घेतली आणि व्हरांड्यात गेल्या. हेही सांगायला हवं, नाहीतर बाईंचं उगाच देवत्व व्हायचं.

तक्त्यापुढे राजनंदिनी उभी होती. हातात व्हाइटनर.

बाईंनी पट्टी पाठीमागे लपवली, पोरीने व्हाइटनर.

“आजोबा लई वराडले बाई,” राजनंदिनी म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. “म्हणाले, तुज्यामुळं बाईंची खुर्ची जाणार. मी खोडते. मग सही करतील ना?”

“लिहिलंस ते खरं आहे का?”

“व्हय.”

“आजीला विचारलंस, खोडू का म्हणून?”

“विचारलं. आजी म्हणाली, ऱ्हाऊ दे. आन् म्हणाली, तिसरा रकाना मोकळा हाये न्हवं? त्याला कुणी हात लावू नका म्हणावं बाईंना.”

बाईंनी पाठीमागची पट्टी दोन्ही हातांनी पुढे घेतली आणि पोरीच्या देखत फाडली. एकदा, मग पुन्हा एकदा. “दे तो व्हाइटनर इकडे,” त्या म्हणाल्या. “आणि घरी जा. ऊस तुटायचा राहिलाय, बिबट्या असतो, एकटी जाऊ नको, पोरींबरोबर जा.”

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. मुलांना गोळ्या वाटल्या. पाहुणे आले, जुन्नरहून भटजी आले, मैदानाच्या कडेला खड्डा, विटा, कुदळ सगळं मांडून तयार. त्यासाठी व्हरांड्यावरूनच जायचं होतं, म्हणून सगळे तक्त्यासमोरून गेले. दादाभाऊ थांबले. ओळ जागच्या जागी होती. बाई तक्त्याच्या बाजूला उभ्या होत्या, पदर खोचून, हाताची घडी घालून. एखाद्याला वाटावं, तक्त्याची राखणच करतायत. तशी करतच होत्या.

“शिपायाला सांगून उतरवू का?” दादाभाऊ हळू आवाजात म्हणाले.

“सांगून बघा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र हळू निघाला नाही. मैदानातली पोरं वळून बघायला लागली.

दादाभाऊंनी पाहुण्यांकडे पाहिलं, दात-ओठ खाल्ले आणि पुढे गेले. पूजा सुरू झाली. पाटावर दादाभाऊ, शेजारच्या पाटावर हिरवं इरकल नेसलेल्या लंकाबाई. गणपती झाला, कलश झाला. मग भटजी म्हणाले, “आता संकल्प. आईसाहेब, हाताला हात लावा.”

लंकाबाईंनी हात उचललाच नाही.

“हात लावा,” भटजी पुन्हा म्हणाले. म्हातारीला ऐकू कमी येत असेल असं त्यांना वाटलं असावं.

लंकाबाईंनी कमरेची चंची काढली. तिची दोरी सोडली, आतून एक अख्खी सुपारी काढली आणि दादाभाऊंच्या पुढ्यात पाटावर ठेवली. “ही घ्या,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीला मीठ घाला म्हणावं तसा. “गेल्या साली हिनंच केलं व्हतं. चांगलं केलं व्हतं. आजबी करंल.”

“अगं, लोकं बघत्यात,” दादाभाऊ पुटपुटले.

“बघू द्या की. एकुणीस वर्सं म्या बघतेच हाये.”

त्या हाताचा टेका देऊन उठल्या. गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागला. सव्वाचारशे पोरं आणि पाहुणे एका म्हातारीला उठताना बघत होते. त्या सावकाश व्हरांड्यात आल्या, तक्त्यापुढे उभ्या राहिल्या आणि नंदाबाईंकडे हात पसरला.

“बाई, पेन द्या.”

बाईंनी खिशाला लावलेलं असावं तसं कायम पर्सला अडकवलेलं लाल पेन काढून दिलं. लंकाबाईंनी ऑपरेशन झालेला डोळा बारीक केला, राजनंदिनीच्या ओळीवर बोट ठेवलं, बोट सरकवत तिसऱ्या रकान्यापर्यंत नेलं. अध्यक्षांच्या बायकोने काय करावं? चौथीतल्या पोरीसारखं एकेक अक्षर कोरत त्यांनी लिहिलं :

‘मन नसंल तर उठावं.’

खाली सही केली. लंकाबाई. नवऱ्याचं नाव लावलं नाही.

नंदाबाईंना तेव्हा काय झालं, ते त्यांनी पुढे कधी नीट सांगितलं नाही. मी पाहिलं ते सांगतो. त्या भिंतीला टेकल्या. इतकी वर्षं त्या धरून चालल्या होत्या की आपल्या जागी सुपारी बसवली. कॉटवरची पैठणी, पुरणाची डाळ, पहाटेची जीप, हे सगळं त्यांनी अपमानाच्या खात्यात टाकून ठेवलं होतं. आणि ही म्हातारी सांगत होती की बसवणाऱ्यांनी सुपारी बसवली ती नंतर. त्याआधी तू उठली होतीस, पोरी. आपल्या पायांनी उठली होतीस. बाई सगळ्या शाळेदेखत रडल्या, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा ताठ उभ्या राहिल्या.

मैदानात भटजींनी इकडे-तिकडे पाहिलं. मुहूर्त निघून चालला होता. दादाभाऊंनी पुढ्यातली सुपारी उचलली आणि मान खाली घालून कमरेला खोचली. मागच्या वर्षी सुपारी कुणाच्या नजरेत भरली नव्हती. या वर्षी मात्र सगळ्या शाळेला सुपारीच दिसत होती, दादाभाऊ कुणाला दिसत नव्हते.

सत्तावीसला सही झाली नाही. दादाभाऊ शब्दाचे पक्के. एक फेब्रुवारीला कुंडलिक सर प्रभारी म्हणून खुर्चीत बसले. नंदाबाईंनी सेवाज्येष्ठतेचे कागद लावून पुण्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार टाकली. तारखा पडतायत, बाई जातायत. नारायणगावहून सकाळची एसटी पकडतात, मांडीवर पेपरचा गठ्ठा घेऊन तपासतात, संध्याकाळी परत. लाकडी पाटीवर अजून पाचच नावं आहेत. बाई म्हणतात, रंगाचा डबा वाळू देऊ नका.

तक्ता व्हरांड्यातच राहिला. प्रदर्शन संपलं तरी तो कुणी उतरवला नाही, आणि कुंडलिक सरांनीही शिपायाला सांगून बघितलं नाही.

एक फेब्रुवारीनंतरच्या सोमवारी बाई आठवीच्या वर्गात गेल्या. खुर्ची गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं. राजनंदिनी तर मान वर करत नव्हती. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर मथळा लिहिला : ‘अध्यक्षांच्या बायका’.

मग मागच्या बाकावरून, ‘सयपाक’ म्हणालेल्याच आवाजात, भीत-भीत प्रश्न आला, “बाई, हे परीक्षेला आहे का?”

“हाये,” नंदाबाई म्हणाल्या. “पेपर मी काढते. वह्या उघडा.”